चार दिवसांची वही

आमच्या दवाखान्यात खोटं पकडायचं काम माझ्याकडे आहे. दात डॉक्टरबाई तपासतात. पेशंटनं चार दिवस काय काय खाल्लं ते लिहून आणलेली वही मी तपासते. तांबडी पेन्सिल घ्यायची, गोड आणि चिकट दिसेल तिथे गोल करायचा आणि मग समोर बसवून समजवायचं. साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात गेली ते दातांना जास्त बाधतं. बिस्किटाचा लगदा फटीत बसून राहतो. गाजर-काकडी चावली की लाळ सुटते, आणि हिरड्यांना पेरू, संत्रं, पालेभाजी हवी.

चौदा वर्षं हेच करतेय. लोक काय थापा मारतात म्हणून सांगू! दाढेला हा एवढा खड्डा, आणि वहीत चार दिवस नुसती काकडी. "ताई, ही वही तुमची की शेजारणीची?" असं विचारलं की भलेभले गप्प होतात. जीभ माझी तिखटच आहे, नाही म्हणत नाही.

तर गेल्या महिन्यात त्या खुर्चीत माझे वडील बसले.

बाबा शिंपी. आता नवे कपडे शिवत नाहीत, पण घरात मशीन आहे, आणि शेजारपाजारचे लोक उसवलेलं, सैल झालेलं आणून टाकतात. धागा कात्रीनं तोडण्यात त्यांना कमीपणा वाटायचा. शिवण संपली की मान वाकवायची आणि पुढच्या दातांनी टचकन तोडायचा. दात झिजतील म्हणून मी जन्मभर कटकट केली. मग या वर्षी कधीतरी मशीनपाशी कात्री दिसायला लागली. मी मनात म्हटलं, चला, एकदाचे सुधारले. अहो, मी! दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारी बाई. कात्री का आली हे मी विचारलंसुद्धा नाही.

एके सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं तेव्हा कुठे त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी बघितलं. हिरड्या सुजलेल्या, खालचे पुढचे तीन दात हलत होते. सगळ्यांना देतात तशी त्यांनाही वही दिली. ती हातात घेताना बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि घडी करून खिशात ठेवली.

आता खरं काय ते सांगते. आई गेल्यापासून बाबांचं खाणं माझ्याकडे आहे. मला सकाळी आठला निघायचं असतं, आणि बाबांना एक गाजर खायला अर्धा तास लागतो. सालं काढा, पातळ चकत्या करा, समोर बसा. कोण करणार? म्हणून सकाळी दुधात पाव, दुपारी झाकून ठेवलेला मऊ भात, आणि मधे भूक लागली तर बिस्किटं. पुडा फोडून मशीनवर ठेवला की मी मोकळी. एकदा त्यांनी संत्रं मागितलं होतं. रविवारी आणते म्हटलं. त्यानंतर किती रविवार गेले कोण जाणे.

पाचव्या दिवशी दवाखान्यात त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. मापं लिहायचे तसं सुबक अक्षर. सकाळी पेरूच्या फोडी, सालासकट. दुपारी पालेभाजी, वाटीभर दही. चार वाजता गाजर. मधल्या वेळेत काही नाही. चार दिवस, ओळीनं. इतकी चोख वही चौदा वर्षांत माझ्या हाताखालून गेली नव्हती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, काय म्हणते वही? मी म्हटलं, ठीक आहे.

त्यांनी स्वतः वाचली. बाबांना म्हणाल्या, अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. खाणं इतकं चांगलं असून ही अवस्था असेल तर दुखणं खोल गेलंय, म्हणाल्या. रक्त तपासून घेऊ आणि ते तीन दात काढून टाकू. बाबांनी मान डोलावली, पण जीभ आतून त्या तीन दातांवर फिरवत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही.

आणि मी गप्प बसले. हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा माझ्या मनात बाबांचे दात आलेच नाहीत. मनात आलं की दार उघडं आहे, बाहेर पेशंट बसलेत, ते ऐकतील. डॉक्टरबाईंनी दात काढायची तारीख लिहायला घेतली तेव्हा मी पेन्सिल उचलली आणि अख्ख्या पानाभोवती एकच मोठा गोल काढला.

"ही खोटी आहे," मी म्हटलं. "बाबा दिवसभर दूध-पाव आणि बिस्किटं खातात. मीच देते."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तारीख खोडली. आधी हिरड्या साफ करू, म्हणाल्या, दीड महिना खाणं सुधारा, मग बघू किती वाचतात ते. एवढंच. बाहेरच्या बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांचा हात धरून मी मान खाली घालून निघाले.

रस्त्यात मी विचारलं, कशाला लिहिलंत असं?

"तू नोकरीला लागलीस तेव्हा पेशंटला काय खा म्हणून सांगायचं ते घरी रोज पाठ करायचीस," बाबा म्हणाले. "मी मशीनवर ऐकायचो. तेच लिहिलं. तुझ्याच दवाखान्यात तुला खाली बघायला लागू नये म्हणून." मग थोडं चालल्यावर हसून म्हणाले, "तेव्हा वाटायचं, म्हातारपणी आपली चंगळ आहे."

त्यात टोमणा नव्हता.

कोपऱ्यावर संत्री घेतली. घरी येऊन एक सोललं, फोडीवरचे पांढरे धागे काढले, बिया काढल्या. बाबांनी पहिली फोड तोंडात टाकली, दाढेखाली घेतली आणि सावकाश चावायला लागले. मी समोर बसलेली बघून ते अवघडले.

"तू जा बाळ," म्हणाले, "तुला उशीर होत असेल."

संध्याकाळ होती. मला कुठेही जायचं नव्हतं.