मोरीत गेलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुनी ओलपेटी आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या माळावर एका घराच्या तळघरात, भट्टीच्या कुशीला मला बसवले आहे. हिवाळाभर भट्टी घर तापवते आणि घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येते. म्हणून माझ्या पोटातल्या जाळीवर पाणी ठिबकते. गरम हवा त्या जाळीतून थोडी ओल घेऊन वर खोल्यांत जाते. उरलेले पाणी नळीतून मोरीत पडते. ही गोष्ट त्या उरलेल्या पाण्याची आहे.

घरधनी हनातने मला बायकोसाठी, स्तेफ्कासाठी आणले. तिला कोरडा खोकला होता. पहिल्याच हिवाळ्यात तो निवला, तेव्हा शेजारणी आल्या की ती त्यांना खाली आणून मला दाखवी. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

पण कौतुक चार दिवसांचे. जाळी दरवर्षी बदलायची असते, हे सगळे विसरले. तिच्यावर चुन्याचा थर चढला, हवा आत शिरेना. स्तेफ्का पुन्हा खोकू लागली. हनातने जाळी काही पाहिली नाही, सरळ माझा नळ पूर्ण उघडला. जास्त पाणी म्हणजे जास्त ओल, असे त्याला वाटले. ते पाणी जसेच्या तसे मोरीत धावू लागले.

इथल्या विहिरीचे पाणी खारट. गोडे पाणी हनात गावातून ट्रकवर आणतो, बर्फाच्या रस्त्याने, आणि हौदात सोडतो. हौद भराभर आटू लागला, तसा त्याचा संशय बायकोवर गेला.

"रोज अंग धुवायला घरात नदी वाहते का गं?"

"माझ्या अंघोळीनं हौद आटतो होय रे?" ती म्हणाली, पण वाद वाढवला नाही. तिने अंघोळ शनिवारवर नेली, भांडी एकाच पाण्यात विसळली आणि खिडकीतल्या जिरेनियमचे पाणी तोडले. ते रोप तिच्या आईने दिलेल्या फांदीचे होते. मी खाली सगळे ऐकत होते. माझा जीव तुटायचा, पण यंत्राला तोंड नसते.

एकदा पिरोहीत, म्हणजे उकडलेल्या करंज्यांत, भरायला बटाटे घ्यायला ती तळघरात आली आणि पाण्याचा आवाज ऐकून थबकली. कोबी आंबवायचा मोठा हंडा तिने माझ्या नळीखाली सरकवला. बटाटे उकडून परत आली, तर हंडा भरून वाहत होता.

हनात नुकताच पाणी घेऊन आला होता. मिशांवरचा बर्फही वितळला नव्हता.

"हनात, खाली ये," तिने हाक मारली. "ही बघ तुझी नदी."

खाली येऊन त्याने आधी माझा नळ बंद केला. मग त्याने माझी जाळी ओढली, तर तिचे तुकडेच हातात आले.

"तुझ्या खोकल्यासाठीच उघडला होता गं नळ."

"ठाऊक आहे. पण माझ्याकडं बोट दाखवायच्या आधी इथं यायचं होतंस."

आता माझी जाळी नवी आहे आणि पाण्याची धार बारीक. खाली पडते तेही हंड्यात साठते, त्यात फरशी पुसून होते. मित्रांनो, घरातले पाणी कमी पडले तर माणसाला बोल लावण्याआधी माझ्यासारख्या मुक्या यंत्राकडे एकदा बघून या. त्याला फार काही लागत नाही.

जिरेनियम मात्र गेले. हनात रोज सकाळी हंड्यातले पेलाभर पाणी त्या काळ्या काडीला घालतो. स्तेफ्का त्याला अडवत नाही.