बदलीची चिठ्ठी

शाळेत त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागची नावं कानावर आल्यावाचून राहत नाहीत. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांच्या हातचं होतं. खोलीत भिंतभर लाकडी फळा, त्यावर खिळे आणि खिळ्यांवर पुठ्ठ्याच्या चकत्या: गणिताची निळी, विज्ञानाची हिरवी, भाषेची पिवळी. कोणी शिक्षक रजेवर असला की बाई सकाळी फळ्यापुढे उभ्या राहत, कोणाचा तास मोकळा आहे ते पाहत आणि बदलीची चिठ्ठी लिहीत. शिपाईमामा ती पोचवत. कपाळाला आठ्या घालत का होईना, ज्याला चिठ्ठी मिळे तो त्या वर्गावर जाई.

या सत्राअखेर बाई निवृत्त होणार होत्या. फळा कोणाच्या तरी हाती सोपवायचा होता, आणि तिथंच घोडं अडलं होतं. आधी तिघांना शिकवून झालं होतं. तिघंही हुशार. पण त्यांनी चकती लावली की बाई हळूच म्हणत, "छान. फक्त ही इकडे घ्या." दुसऱ्या दिवशी, "फक्त ही तिकडे." महिन्याभरात एकेकानं हात टेकले. "तुम्हीच करा बाई. तुमच्यासारखं कोणाला जमणार?" हे ऐकून बाईंना बरं वाटायचं. दुखणं होतं ते तिथंच.

चौथी आली ती धाकटी. गणित शिकवायची, बाईंच्या लेकीच्या वयाची, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढणारी. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "हीसुद्धा पळाली, तर पुढच्या वर्षी फळ्यापुढे उभं राहायला कोणी नाही."

बाई रोज पहाटे उठल्या की कोणाशी बोलण्याआधी थोडा वेळ हात जोडून बसत. लेक सासरी गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतंच. पण नेम तो नेम. दुसऱ्या पहाटे त्यांनी त्यात आणखी एक नेम जोडला. महिनाभर फळ्याबद्दल आपणहून चकार शब्द काढायचा नाही. धाकटीनं विचारलं तर सांगायचं.

तिनं विचारलंच नाही.

धाकटीनं फळा शिक्षकांच्या खोलीत हलवून घेतला. बाईंच्या भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन तेवढा उरला. पूर्वी सकाळी दारात रांग असे. "बाई, आज माझा शेवटचा तास सोडवा ना," "बाई, परत पाचवीच? मागच्या जन्मी काय पाप केलं होतं मी?" आता ती सगळी गंमत पलीकडच्या खोलीत चालायची आणि भिंतीतून तिचा नुसता आवाज यायचा. शिपाईमामा पाण्याचा पेला ठेवून जात. तो भरलेलाच परत जाई.

"आई, आता तरी आराम कर," लेक फोनवर म्हणाली.

"करतेय गं. आरामानंच अंग दुखायला लागलंय."

लेक हसली. बाईही हसल्या. फोन ठेवल्यावर घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर बाई चोरासारख्या शिक्षकांच्या खोलीत शिरल्या. फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि चकितच झाल्या. भाषेच्या सरांचे सगळे तास तळमजल्यावर आले होते. सरांचे गुडघे गेली चार वर्षं दुखत होते. ते कठडा धरून जिना चढताना बाईंनी रोज पाहिलं होतं, आणि एकदाही फळ्याशी त्याचा संबंध जोडला नव्हता. पण त्यासाठी धाकटीनं बऱ्याच चकत्या हलवल्या होत्या. त्या हलवाहलवीत गुरुवारी तिसऱ्या तासाला सातवी आणि आठवी एकाच प्रयोगशाळेत आली होती.

बाईंचा हात वर गेला. एकच हिरवी चकती, एक घर डावीकडे. कोणाला कळलंही नसतं.

त्यांनी हात पदरात गुंडाळला आणि त्या बाहेर पडल्या. बुधवार कसा गेला ते त्यांचं त्यांना ठाऊक. धाकटी सकाळपासून तीनदा त्यांच्या दारावरून गेली. बाई मूग गिळून बसल्या.

गुरुवारी तिसरी घंटा झाली आणि प्रयोगशाळेच्या दाराशी ऐंशी मुलांचा बाजार भरला.

"आमचा तास आहे."

"फळ्यावर आमचाही आहे!"

बाई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वाचनालय तिसऱ्या तासाला रिकामं असतं. उत्तर अगदी जिभेवर होतं. धाकटी धावत आली. तिची नि बाईंची नजरानजर झाली. ती क्षणभर थबकली, आणि तशीच पुढे गेली.

"आठवी, माझ्यामागे. फूटपट्ट्या घ्या," तिचा आवाज आला. "आज शाळेची उंची मोजायची. वर न चढता."

खिडकीतून बाईंनी पाहिलं, आठवीची मुलं मैदानात इमारतीची सावली मोजत होती. बाईंनी त्यांना वाचनालयात नेऊन गप्प बसवलं असतं.

दुपारी धाकटी खोलीत आली. बसली नाही.

"बाई, तुम्हाला माहीत होतं ना?"

खोटं बोलायचं नाही, हाही नेमच होता. "हो. मंगळवारपासून."

"आणि काल मी तीनदा इथून गेले! एक हाक मारायची होती. ऐंशी पोरांसमोर शोभा झाली माझी."

"हाक मारली असती तर मीच चकती हलवली असती. मग परवा दुसरी. आधीच्या तिघांना मी असंच पळवून लावलंय गं."

"म्हणून मला बुडताना बघत बसलात?"

धाकटी दारापर्यंत गेली. "सरांचे गुडघे तरी दिसले का तुम्हाला?"

"तुझ्या फळ्यावर दिसले," बाई म्हणाल्या. "चार वर्षांत पहिल्यांदा."

धाकटी निघून गेली. शुक्रवारी ती दारावरून गेली नाही, शनिवारीही नाही. पहाटे हात जोडून बसताना बाईंना मागायला काही सुचेना. तिनं फळा सोडू नये, एवढंच मागितलं.

सोमवारी शिपाईमामा आले, तेव्हा पेल्याबरोबर एक कागद होता.

"कोणाला द्यायचाय?" बाईंनी सवयीनं विचारलं.

"तुम्हालाच."

घाईचं, तिरपं अक्षर. 'तिसरा तास, पाचवी. भूगोलाचे सर रजेवर.' खाली बारीक अक्षरात, 'बावीस वर्षांत तुम्ही स्वतःला एकदाही चिठ्ठी लिहिली नाहीत. मी जुने कागद पाहिले.'

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग खडूचा तुकडा शोधला. तो मिळायला वेळ लागला.

पाचवीच्या दारात पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "तुम्ही चुकून आलात का?"

"नाही गं," बाईंनी घडी केलेला कागद उंच धरून दाखवला. "मला चिठ्ठी आलीय."