मोहाची टोपली द्राक्षांच्या गावी

“ही टोपली माह्या मांडीवर कायले ठेवली वं? मी काय खुंटी आहो का?”

रुक्माबाई कुरकुरल्या. शेजारच्या धुरपताने मला उचलले आणि आपल्या मांडीवर घेतले. बस नाशिकहून दिंडोरीकडे निघाली होती. मला राग आला नाही. मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे, आणि जुन्यांना अशी कुरकुर पोटात घालायची सवय असते. टोपलीला तर नुसते पोटच असते.

माझा जन्म गोंदिया जिल्ह्यात, गोरेगावजवळच्या एका बुरडाच्या ओसरीत झाला. हिरव्या बांबूच्या पातळ कामट्या, त्यांची उभी-आडवी वीण, आणि वर जाड काठ. बाजाराच्या दिवशी धुरपताच्या मायने मला उलटी करून गुडघ्यावर आपटले, नाकाशी धरले आणि म्हणाली, “चांगली आहे. धूर नाही खाल्ला.” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

तिने मला मोहाच्या फुलांसाठी घेतले होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोह गळतो. झाडाखाली पिवळट, रसाळ फुलांचा सडा पडतो. बाकीचे लोक फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून टाकत. माय कधी जाळत नसे. ती झाडून घेई. छोट्या धुरपताला सांगे, “आग लावली का फूल धूर पेते, पोरी. मंग त्याची चव जन्मभर जात नाही.” धुरपता एकेक फूल माझ्यात टाकी. पोट भरले की मी गोड वासाने जड होई. तेव्हा मला वाटे, जगात माझ्यासारखी श्रीमंत टोपली नाही.

त्या फुलांचे पुढे काय होई? टोपलीला लाज नसते, म्हणून सांगते. माय मोहाची दारू काढत असे.

गावात मात्र हे धुरपतासमोर कोणी बोलत नाही. कारण ती दारू पिऊन पिऊन रुक्माबाईंचे घरधनी गेले. बारा वर्षे झाली. त्याच महिन्यात रुक्माबाई बायकांना घेऊन आल्या आणि त्यांनी मायची मडकी फोडली. मी मध्ये आले, माझा काठ तुटला. मायने लुगड्याची निळी किनार फाडून तो बांधला. त्यानंतर तिने चूल पेटवली ती फक्त भातासाठी. माय गेल्यावर माझ्यात कांदे राहिले, मग एक कोंबडी अंड्यांवर बसली. कोंबडीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती निदान गप्पा तरी मारायची.

पुढे गावात बचत गट निघाला. रुक्माबाई अध्यक्ष झाल्या आणि धुरपता सभासद. दोघी एका पाटावर पापड लाटतात, एकमेकींच्या घरची दुखणी काढतात. तेवढी एक गोष्ट सोडून सगळे बोलतात.

यंदा बचत गटांचे काम पाहणाऱ्या हेमेंद्र सर नावाच्या साहेबांनी गटाला अभ्यास दौऱ्यावर आणले. द्राक्षांचा व्यवसाय पाहायचा, आणि गावी परतण्याआधी ठरवायचे: गटाने मोहफुलांचे सरबत आणि लाडू करायचे, की पापडच लाटत राहायचे. मोहाचे काम घ्यायचे तर फुलांची पारख असणारी बाई पुढे हवी. ती बाई कोण, हे सगळ्यांना माहीत होते. धुरपताला ते काम मनापासून हवे होते. माळ्यावरून काढून, धुऊन, माझ्यात मोहाचे लाडू भरून तिने मला उगीच का एवढ्या दूर आणले?

आधी नाशिकलाच आम्ही त्रिरश्मी लेणी पाहिली. डोंगरात कोरलेल्या त्या खोल्या दोन हजार वर्षांच्या! गटातल्या अल्काने बुद्धमूर्तीपुढे फुले वाहिली, हात जोडले, आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितले, “ही लेणी राजांनीच नाही दिली. एक तं मासोळ्या धरणाऱ्यानं दिली म्हणतात. त्याचं नाव आहे दगडावर.”

“बापा! मासोळ्या धरणाऱ्याचं?” रुक्माबाई दगडाकडे पाहत राहिल्या. “माह्यं नाव तं राशनकार्डावरही चुकलं आहे.”

मग ते खोरे! काय सांगू मित्रांनो! लांबवर निळे डोंगर, मधून धरणाचे पाणी, आणि तारांवर चढवलेल्या वेलींच्या ओळीच ओळी. आमच्याकडे इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान असे डुलते. इथे द्राक्षांचे घड लोंबत होते. तोडणाऱ्या बायका घड असा हळू उचलत, जसे झोपलेले लेकरू. एकीही घड जमिनीला लागू देत नव्हती. त्यांच्या प्लास्टिकच्या क्रेटना पाहून मी जरा नाक मुरडले, पण त्यांची शिस्त कौतुकाचीच होती.

मळ्याशेजारच्या कारखान्यात तिथे काम करणाऱ्या रेणू नावाच्या मुलीने आम्हाला उंच चकचकीत टाक्या दाखवल्या. ती ‘वाईन’ म्हणत होती. सर ‘उत्पादन’ म्हणत होते. आमच्या बायका ‘ज्यूस’ म्हणत होत्या. जो शब्द सगळ्यांच्या जिभेवर होता, तो एकटा बाहेर उभा होता.

एका टाकीची नळी पाण्याच्या बादलीत सोडली होती, आणि पाणी बुडबुडत होते. धुरपता खाली वाकली, कान दिला. “आंबायले अजून दोन दिवस लागतीन,” ती म्हणाली.

रेणूने टाकीवरचा कागद पाहिला. “बरोबर! मावशी, तुम्हाला कसं कळलं?”

“असंच,” धुरपता म्हणाली. अल्का छताकडे पाहू लागली.

शेवटी रेणूने सगळ्यांना नुसते हुंगायला म्हणून पेले दिले. धुरपताने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे त्यात बुडवून तीन थेंब फरशीवर शिंपडले. मायची रीत होती ती. पहिली धार मातीची, पूर्वजांची. मग माणसांची.

पांढऱ्या फरशीवर तीन लाल थेंब.

“सांडलं का मावशी? असू दे,” रेणू म्हणाली.

“हात हालला,” धुरपता पुटपुटली. पण ज्यांना ती रीत ठाऊक होती, त्यांनी ती पाहिली होती. रुक्माबाईंनी पदराने ते थेंब पुसले.

संध्याकाळी सगळ्या कारखान्याच्या ओट्यावर बसल्या. लाडू फिरले. रेणूने दोन खाल्ले आणि तिसरा हातात धरला. “मी आधी चाखलेल्या मोहाला धुराचा वास होता, याला अजिबात नाही! ही फुलं कोणी पारखली?”

“तेच विचारतो आहे,” सर म्हणाले. “मोहाचं काम घ्यायचं, तर ते सांभाळणार कोण?”

सगळ्या माझ्यातले उरलेले लाडू मोजू लागल्या. सरांनी वहीत ‘पापड’ लिहायला पेन टेकवले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडले असते. मला नाही, तुम्हाला आहे. म्हणून एक विनंती करते. जुनी टोपली फेकण्याआधी तिच्या काठाला कोणी किनार बांधली, ते विचारा. आणि जे हात एखादी विद्या जाणतात, त्यांना लाजेपायी रिकामे ठेवू नका.

धुरपताचा अंगठा माझ्या निळ्या किनारीवर फिरला. मग ती सरांकडे नाही, रुक्माबाईंकडे पाहून बोलली.

“माही माय मोहाची दारू काढे. मी तिच्याच हाताखाली शिकली. तुह्या घरधन्यानं तीच दारू पेली, रुक्माबाई.”

रुक्माबाईंनी मला ओढून आपल्या मांडीवर घेतले.

“बारा वर्षांपासून वाट पाहून राहिली मी, का तू हे कधी बोलशीन,” त्या म्हणाल्या. “आता सरांले फुलाचं सांग.”