मक्याशेजारचा घेवडा

उद्घाटन दोन दिवसांवर आलं आणि घेवड्याने मान टाकली.

विज्ञान केंद्रातल्या प्रदर्शनाची मांडणी तिच्याकडे होती. सुतारकाम, काचा, दिवे, पाट्या, सगळं तीच बघायची. दारातली हवाबंद काचपेटी तर तिची विशेष लाडकी. आत मातीऐवजी पोषक पाण्यात वाढणारी दोन रोपं, वर अष्टौप्रहर जळणारा दिवा आणि आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे ते दाखवणारा मीटर. खरा बेत एकट्या घेवड्याचा होता. पण संचालक म्हणाले, "पेटी ओकीबोकी दिसते," म्हणून तिने शेजारी मक्याचं रोप आणून ठेवलं.

घेवडा तिच्या सासऱ्यांनी वाढवलेला. निवृत्त तिकीट तपासनीस. कुणावर म्हणून विश्वास नाही. रोज सकाळी येऊन ते पेटीची हजेरी घ्यायचे. त्या दिवशी पिवळी पानं बघून त्यांचा पाराच चढला.

"सूनबाई, काय घातलंस याला?"

"काही नाही हो बाबा. दोघांना पाणी तेच, दिवाही तोच."

"मग हा मका एवढा टरारून कसा वाढलाय?"

"तेच तर कळत नाहीये."

सासऱ्यांनी चष्मा पुसून मक्याला आपादमस्तक न्याहाळलं. "चोर हाच!"

ती हसली. हसता हसता तिची नजर मीटरवर गेली आणि हसू ओठांवरच राहिलं. आकडा होता दहा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत फक्त दहा. बाहेरच्या हवेत तो चारशेच्या वर असतो. मीटर बिघडला असेल म्हणून तिने पेटी न उघडता तिच्या हवेच्या नळीला दुसरा आणून जोडला. त्यानेही दहाच दाखवला.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा पेपर तिने कसाबसा काढला होता, पण त्यातलं थोडंफार डोक्यात उरलं होतं. स्टुलावर टेकून ती आठवत गेली आणि एकदम उठून उभी राहिली.

"बाबा, बरोबर बोललात! घेवड्याच्या पानात कार्बन पकडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पण ते जरा वेंधळं. कार्बन डायऑक्साइड कमी पडला की प्राणवायूलाच धरून बसतं. मग ती चूक निस्तरायला पानाला गाठीचा कार्बन बाहेर सोडावा लागतो."

"म्हणजे कमाई कमी आणि गळतीच जास्त?"

"अगदी! मक्याच्या पानातही तेच विकर आहे, पण आतल्या पेशींत, बंदोबस्तात. बाहेरच्या पेशींत कार्बन पकडायला दुसरंच विकर असतं, ते प्राणवायूला भुलत नाही. ते पकडलेला माल आत नेऊन कोंबतं. तिथे इतकी दाटी होते की वेंधळ्याला चुकायला वावच नाही. त्यामुळे हवेतला शेवटचा कणसुद्धा मका ओढून घेतो. घेवडा जो सोडतो, तोही."

"आणि माझं पोर उपाशी मरतंय! काढ त्याला आधी बाहेर."

तेवढ्यात संचालक आले. सगळं ऐकून त्यांनी खांदे उडवले. "त्यात काय? टवटवीत घेवडा आणून ठेवा. कोणाला कळणार आहे?"

"दोन दिवसांत तोही पिवळा पडेल, साहेब," ती म्हणाली. आवाज चढला होता, पण आता मागे हटणं नव्हतं. "त्यापेक्षा खरं तेच दाखवू. लोकांसमोर झाकण उघडते, मीटर वर चढताना दिसेल, आणि मग घेवडा बाहेर काढते."

संचालकांनी होकारार्थी मान डोलावली. सासऱ्यांना समजावणं अवघड गेलं. आणखी दोन दिवस पोराला उपाशी ठेवायचं म्हणजे काय? शेवटी ते तयार झाले, पण झाकण आपणच उघडणार या अटीवर.

उद्घाटनाला त्यांनी झाकण उचललं. आकडा पन्नास, दीडशे, चारशे असा सरसर चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या; तिचे डोळे मात्र घेवड्यावर. खालची चार पानं गेलीच होती. पण आठवडाभर खिडकीत मोकळ्या हवेत राहिल्यावर शेंड्याला नखाएवढं हिरवं पान फुटलं.

रिकाम्या जागेसाठी सासऱ्यांनी पानफुटी आणली, तेव्हा तिने हात जोडले. "बाबा, हिला दिवा दिवसरात्र चालणार नाही. ही रात्री पानांची छिद्रं उघडते, कार्बन आंबट आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रं मिटून तोच वापरते. पाणीही वाचतं."

संचालकांनी तिच्यासाठी वेगळ्या दिव्याला टायमर लावायची परवानगी दिली. मक्याने तिचाही कार्बन ओढू नये म्हणून पानफुटीला पेटीही वेगळी मिळाली. सासऱ्यांचा विश्वास मात्र बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पानाचा कपटा चावून बघितला, संध्याकाळी पुन्हा.

"सकाळी डोळे मिटावेत इतकं आंबट," ते म्हणाले, "आणि आत्ता अगदी मचूळ. सूनबाई, तुझा पेपर कुणी तपासला होता गं? मार्क कमी दिलेत."