नाव घातलेली डबी

चित्राने रेकॉर्ड रूमचं दार आतून लावलं आणि पंखा बंद केला, म्हणजे पलीकडचं नीट ऐकू येईल. बाहेर बँकेच्या सरोजिनी नगर शाखेत दुपारची गर्दी होती. फोनवर यश नावाचा तरुण होता, बंगळुरूचा. त्याची कंपनी नव्या उद्योगांत पैसा गुंतवते. मैत्रेयीच्या उद्योगात गुंतवायचं जवळजवळ ठरलंय, पण त्याआधी जुन्या सहकाऱ्यांशी बोलायची पद्धत असते, असं तो हिंदीत, फार अदबीने सांगत होता.

जुनी सहकारी. चित्राने कपाटाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली.

मैत्रेयी माणूस म्हणून कशी आहे?

म्हणाली: मेहनती आहे.

म्हणाली नाही: तिचा अमौसी विमानतळावरचा फोटो मी काल बोटांनी मोठा करून पाहिला. बॅग नवी आहे. केस कापलेत. पूर्वी हसताना दात झाकायची, आता झाकत नाही.

तुम्ही तिची कंपनी का सोडलीत?

म्हणाली: घरच्या अडचणी.

म्हणाली नाही: बाबा गेले आणि मला दर महिन्याला पगार हवा होता. बख्शी का तालाबजवळच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही दोघी स्वेटर घालून बटाट्याच्या पोत्यांवर बसायचो. मी उठले. ती बसून राहिली. आमच्यात फरक असलाच तर एवढाच.

मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं. बटाटा सडायला लागायच्या आधी भोवतालच्या हवेवरून ते ओळखणारं यंत्र, ही मूळ कल्पना कुणाची?

ब्लाउज पाठीला चिकटला होता. उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द उच्चारला, तर मैत्रेयीचा सगळा व्यवहार अडेल. चित्रा बँकेत कर्जाची प्रकरणं तपासायची. हक्क सांगणारं तिसरं माणूस निघालं की फाइल कशी बाजूला सरकते, हे तिला ठाऊक होतं. पण मैत्रेयीने तिकडे कधीच ‘माझी’ म्हणून सांगून टाकलं असणार. म्हणजे आता आपण तोंड उघडायचं ते मागे पडलेली, हात पसरणारी बाई म्हणून. त्यापेक्षा तिला दुसरं काही सुचलं. जास्त लागेल असं.

"उसी का आइडिया था," ती म्हणाली. "सच कहूँ तो मुझे उसमें कभी दम नहीं लगा."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला. तो अडखळेल, आणखी खोदून विचारील, अशी तिने वाट पाहिली. त्याने मनापासून आभार मानले. म्हणाला, बस, हाच एक मुद्दा उरला होता.

तिने पंखा लावला. वारा यायला वेळ लागला.

*

रविवारी मैत्रेयी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून बोलत सुटली. सह्या झाल्या, पैसे येताहेत, गोमती नगरात ऑफिस बघितलंय. चित्रा चहात साखर ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

मग मैत्रेयीचा आवाज खाली आला. तिने पहिल्याच भेटीत त्यांना सांगितलं होतं, कल्पना चित्राची आहे, तिच्या नावाने हिस्सा ठेवल्याशिवाय मी सही करणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे, पण आम्ही आधी त्यांना स्वतः विचारू. आणि विचारल्यावर तो हिस्सा कागदांतून वगळला गेला. मैत्रेयी पुन्हा भांडली. ते म्हणाले, त्या स्वतःच नाही म्हणतात.

"हिस्सा घ्यायला लागू नये म्हणून तू आपलंच नाव पुसलंस," मैत्रेयी म्हणाली. "वर म्हणे, त्यात दम नव्हता. तो पोरगा मला वाचून दाखवत होता आणि मी रडत होते. यार, तुझ्या जागी मी असते ना, तर नसतं केलं."

"अच्छा," चित्रा म्हणाली.

तिने चहाचा कप मैत्रेयीपुढे सरकवला. थोडा बशीत सांडला.

मैत्रेयीने पिशवीतून ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. स्टीलची डबी. दोघींचं पहिलं यंत्र. आतल्या तारा आता काढून टाकलेल्या. नव्या ऑफिसात काचेत ठेवायची म्हणत होते, पण तुला विचारल्याशिवाय नको म्हटलं, असं ती सांगत होती, तेवढ्यात चित्राची आई पदराला हात पुसत आत आली.

"बघू," आई म्हणाली.

तिने डबी उलटी केली. बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसं: चंद्रप्रभा. आईने त्यावरून अंगठा फिरवला.

"अगं, ही माझीच. लग्नातल्या पाचांमधली. हिच्यापायी मी कामवालीला नाही नाही ते बोलले होते. बिचारी काम सोडून गेली."

फळीवर चार डब्या ओळीने होत्या. पाचवीच्या जागी चहाची गाळणी ठेवायची सवय झाली होती.

आईने झाकण काढून खिडकीकडे धरलं. मधोमध भोक होतं, गोल, कडा कानशीने नीट घासलेल्या. उजेडाचा ठिपका तिच्या गालावर पडला.

"आणि हे कुणी पाडलं?"

मैत्रेयीने चित्राकडे पाहिलं. मग कपाकडे.

"मी," चित्रा म्हणाली.