बानाबाईची तूर

“एका हातानं दिलं अन् दुसऱ्या हातानं मागायला आल्या व्हय, मॅडम?” बानाबाई बांधावरूनच म्हणाली.

रस्त्याच्या कामावर नव्यानं आलेल्या इंजिनिअर रत्नमाला मॅडम खाली उभ्या होत्या. सिल्लोडच्या डोंगरातली आमची भिल्लांची वस्ती. मेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही दगड उभा करतो. मागच्या ठेकेदाराच्या मशीननं त्यातले काही फोडून रस्त्यात खडी म्हणून दाबले. बानाबाईचा नवरा सोनाजी, त्याचाही दगड त्यात गेला. वस्ती मशीनपुढं आडवी झाली. तेव्हापासून काम बंद आणि आजारी माणसाला अजून खाटेवर घालूनच डोंगराखाली न्यावं लागतं.

उरलेले दगड वाचवायचे, तर रस्ता बानाबाईच्या शेतातून वळवावा लागणार होता. जंगलजमिनीचा तो तुकडा सरकारकडून नावावर करून घेता घेता तिचे केस पांढरे झाले होते.

“मोबदला मिळेल, मावशी.”

“त्ये नंतर. आधी माफी मागा.”

“मी तर तेव्हा नोकरीतही नव्हते.”

“मग सरकार कुठं भेटंल? पत्ता द्या, जाते.”

जमलेले आम्ही सगळे हसलो. मॅडमही हसल्या, मग म्हणाल्या, “चुकलं आमचं, मावशी.”

“मला नका सांगू. त्याला सांगा.” तिनं अर्धवट रस्त्याकडं बोट केलं. “तिथं हाय माझा म्हातारा.”

मॅडम तिथं गेल्या. बूट काढून खडीवर अनवाणी उभ्या राहिल्या. हात जोडून काय बोलल्या, ते आम्हाला ऐकू आलं नाही. खडी टोचत असणार, तरी हलल्या नाहीत.

शेवटी बानाबाईच ओरडली, “बास आता! पाय फाटतील. लई वेळ उभं करायला त्यो काय तहसीलदार नाय!” मग हळू म्हणाली, “वळवा रस्ता.”

दोन दिवसांनी मशीन आलं. तूर फुलावर होती. चुन्याची रेघ पडली तशी बानाबाई आत शिरली आणि एकेक झाड उपटू लागली.

“मावशी, मशीन करतंय की एका फेरीत,” ड्रायव्हर म्हणाला.

“मी पेरली. मीच काढीन. तू थांब.”

त्यानं मशीन बंद केलं. मॅडमनी ओढणी कमरेला खोचली आणि तिच्या शेजारच्या ओळीत वाकल्या. मग आम्हीही उतरलो. बराच वेळ रानात नुसता मुळं सुटल्याचा आवाज येत राहिला.