अकराव्या ओळीचा शेंडा

मी अकराव्या ओळीतलं पाइनचं झाड बोलतोय. आता ओळीत नाही. एका परक्या घराच्या बैठकीत, पाण्याच्या बादलीत उभा आहे. अंगावर दिवे लावलेत, बाहेर डिसेंबरचं ऊन भाजतंय; आमच्या दक्षिणेकडच्या देशात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. मानेशी मी जरा वाकडा आहे. त्या वाकडेपणाचीच ही हकिगत.

मला लावलं मर्व्हनं, गिप्सलँडच्या टेकडीवरच्या त्याच्या नाताळच्या झाडांच्या शेतात, जुलैच्या थंडीत. तेव्हा मी वीतभर होतो. मला खड्ड्यात ठेवून त्यानं बुटाच्या टाचेनं माती दाबली आणि तो पुढच्या रोपाकडे गेला. बोलणं त्याच्याकडे नव्हतंच.

लोकांना वाटतं, नाताळचं झाड जन्मतःच निमुळतं असतं. आम्हाला मोकळं सोडलं तर आम्ही वाटेल तसे पसरतो. वर्षातून तीनदा लांब पात्याच्या कोयत्यानं छाटावं लागतं. ती छाटणी मर्व्ह एकटा करायचा. त्याची बायको ग्लेनिस साडेदहाला चहाचा थर्मास कुंपणाच्या खांबावर ठेवून घरी जायची.

माझं दुसरं वर्ष सरत होतं. एप्रिलमध्ये एके दिवशी मर्व्ह मधल्या वाटेवर खाली बसला, तो उठलाच नाही.

मुलगा अँगस दुधाचा टँकर चालवायचा, फक्त रविवारी मोकळा. शेत विकावं, असं तो म्हणाला. ग्लेनिस त्याला आमच्या ओळीशी घेऊन आली. मग म्हणाली, "ही शेवटची ओळ त्यानं लावलीय. ही आपल्या हातानं वाढली, तर शेत ठेवायचं. नाही वाढली, तर तू म्हणतोस तसं."

म्हणजे सगळं आमच्यावर आलं.

ऑक्टोबरात छाटणीची वेळ झाली. ग्लेनिसनं कोयता नव्या सुनेच्या हातात दिला. टेगनचं लग्न मार्चमधलं. त्याआधी सहा वर्षं ती गावात लोकांचे केस कापायची.

"तुझा हात कात्रीवर बसलेला आहे. वरून जरा कमी कर," ग्लेनिस म्हणाली.

आता हेच वाक्य टेगननं सहा वर्षांत किती गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं असेल! तिनं मन लावून काम केलं. दुपारपर्यंत चाळीस झाडांचे शेंडे एका रेषेत कापले गेले. मग मागं सरून तिनं मान तिरकी करून पाहिलं. आमच्यापुढं आरसा धरायचा तेवढा बाकी होता.

शेंडा गेला की फार दुखत नाही. पण वर कुणी उरत नाही. महिन्याभरात माझ्या सात फांद्या एकदम वर निघाल्या. जी ती म्हणे, मीच शेंडा.

"टेगन," ग्लेनिस ओळीच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "झाडं मागितली होती गं. तू झाडू केलेस."

"तुम्हीच म्हणालात, वरून कमी कर."

"जरा म्हणाले होते!"

"जरा म्हणजे किती?"

ग्लेनिसनं माझ्या सात फांद्या एकेक करून चाचपल्या. वारा सुटला होता, तरी आम्ही हललो नाही, असं मला आठवतं.

"मला तरी कुठं ठाऊक," ती हळूच म्हणाली. "सत्तावीस वर्षं थर्मास ठेवून घरी गेले. तो कसा कापतो, एकदाही उभी राहून पाहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघी जुन्या ओळींतून हिंडू लागल्या. एखाद्याचं अक्षर लावावं तसे मर्व्हचे घाव वाचत होत्या. सहाव्या ओळीतून टेगनची हाक आली, "ग्लेनिस, इकडं या!"

तिथल्या एका झाडाला बांबूची काठी होती. कधीतरी बाजूची एक फांदी तिला उभी बांधली होती आणि तीच आता शेंडा झाली होती. बांधायला निळ्या चौकड्याच्या कापडाची पट्टी.

"हा त्याचा शर्ट," ग्लेनिस म्हणाली. "मला सांगितलं, तारेत फाटला. मेला लबाड!" आणि 'मेला' हा शब्द तिच्याच कानांवर पडला, तशी तिनं पट्टीची गाठ बोटांनी घट्ट केली.

टेगननं विचारलं, "म्हणजे त्यांनीही शेंडा कापला होता?"

"आणि मला सांगितलं नाही."

मग ग्लेनिसनं घरातली एक फुलाफुलांची चादर आणून फाडली. प्रत्येक झाडापाशी दोघींचं खलबत चाले.

"हिला करू शेंडा?"

"बारीक आहे."

"बारीक आहे, पण सरळ जाईल."

रविवारी अँगस आला. "हे काय, दवाखाना काढलाय?"

"हो," त्याची आई म्हणाली. "बडबडू नकोस, पट्ट्या फाड."

माझ्या सातांतली एक फांदी बांधली गेली, सहा आखूड झाल्या. सगळ्यांचं असं जमलं नाही. नऊ झाडं सरळ झालीच नाहीत. ती उपटली तेव्हा टेगन तिथून हलली नाही. एकतीस उरलो.

दोन वर्षांनी, या डिसेंबरात, लोक झाडं निवडायला आले. एक गृहस्थ माझ्याभोवती फिरला. "बरं आहे. पण मानेत वाकडं का?"

माझी चांगली बाजू पुढं करून टेगनला वेळ मारून नेता आली असती. ती म्हणाली, "माझ्या हातून शेंडा कापला गेला होता."

"आणि कापायला मी सांगितलं होतं," ग्लेनिस म्हणाली. "आम्हा दोघींनाही येत नव्हतं."

"आता येतं?"

ग्लेनिसनं सुनेकडे पाहिलं. "हिला येतं. मी शिकतेय."

त्यानं मला घेतलं. करवत टेगननंच धरली. मला गाडीच्या टपावर बांधत होते तेव्हा दोघी मागं वळून न बघता बाराव्या ओळीकडे गेल्या. ती ओळ टेगननं स्वतः लावलेली आहे.

माझं मागणं फार नाही. बादलीतलं पाणी रोज बघत जा. हा उन्हाळा कडक आहे. जानेवारीत मला ओढत बाहेर न्याल तेव्हा जाजमावर माझ्या पानांच्या सुया सांडतील, त्याची क्षमा आत्ताच मागून ठेवतो. मुळं मात्र टेकडीवरच राहिली. त्यांना अजून कळलं नसेल. ती आपली पाणी वर पाठवत असतील.